फरशी चमकते, हातांचे काय?

गेल्या महिन्यात आमच्या वस्तीतील बुद्धविहारात रविवारची वंदना आटोपली. सारे पांगले, पण एक ताई मागे थांबल्या. एका खासगी इस्पितळात ठेकेदाराकडून साफसफाईच्या कामाला जाणाऱ्या. म्हणाल्या, "भाऊ, वंदनेला हात जोडले की तळवे आग करतात. काय लावू?" आम्ही हात पाहिले. बोटांच्या पेरांवरची कातडी सोलवटलेली, तळव्याला भेगा, नखे पिवळी पडलेली. हातमोजे देत नाहीत का, असे विचारले तर म्हणाल्या, "एक जोड दिला होता दिवाळीला, तो फाटला. दुसरा मागितला तर मुकादम म्हणतो, तुझ्या आधीची बाई नाही मागायची."

त्याच आठवड्यात एका मॉलमध्ये जाणे झाले. तिथे फरशी पुसण्याच्या द्रवाची एक देखणी बाटली मांडली होती. तिच्यावर हिरवे पान, शेजारी हसरे बाळ, आणि खाली लिहिलेले की हे उत्पादन निसर्गस्नेही आहे, घरातल्या लहान मुलांना व पाळीव कुत्र्याला यापासून अपाय नाही. किंमत साध्या फिनाईलच्या तिप्पट-चौपट. आम्ही ती बाटली उलटसुलट करून पाहिली. बाळाची काळजी होती, कुत्र्याची काळजी होती. जी बाई रोज हे पाणी हातात घेऊन गुडघ्यावर बसून फरशी पुसते, तिचा मात्र कुठे उल्लेख नव्हता!

बंधू-भगिनींनो, आजचा आमचा विषय हाच आहे. पर्यावरण म्हटले की आपल्यातील बरेच कार्यकर्ते मान फिरवतात. हे पोट भरलेल्यांचे चोचले आहेत, आपल्यापुढे शिष्यवृत्तीचा, नोकरीचा, अत्याचाराचा प्रश्न आहे, असे म्हणतात. त्यांची कळकळ आम्ही समजू शकतो. पण विष कुणाच्या दारात आधी पोहोचते, याचा हिशेब आपण कधी मांडणार? १९२७ साली बाबासाहेब महाडला चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेत होते. त्याच १९२७ पासून मुंबईचा कचरा देवनारला पडू लागला. त्या डोंगराच्या पायथ्याशी गोवंडी-शिवाजीनगरात कोण राहतात? २०१६ च्या जानेवारीत देवनारला आग लागली आणि कित्येक दिवस धुमसत राहिली, तेव्हा तो धूर कुणाच्या पोरांच्या छातीत गेला? मलबार हिलच्या नव्हे. गटारात उतरणारा आपला, कचरा वेचणारी आपली, संडासात ॲसिड ओतणारी आपली. मग पर्यावरणाचा प्रश्न सर्वांत आधी आपला नाही तर कुणाचा?

या देशात स्वच्छतेची गोष्ट सरळ नाही. इथे 'स्वच्छता' आणि 'शुद्धी' या दोन शब्दांची मुद्दाम गल्लत केली जाते. २० मार्च १९२७ रोजी आपली माणसे चवदार तळ्याचे पाणी प्याली. त्यानंतर महाडच्या सनातन्यांनी काय केले? शेण, गोमूत्र, दूध, दही यांनी भरलेल्या १०८ मातीच्या घागरी मंत्रोच्चारात तळ्यात बुडवल्या आणि तळे शुद्ध झाल्याचे जाहीर केले. माणसाच्या स्पर्शाने पाणी बाटले आणि शेणाने शुद्ध झाले, असा हा न्याय! त्या पाण्यातील एकही जंतू त्यामुळे मेला नाही, वाढले असतील तर ठाऊक नाही. याचे नाव शुद्धी. स्वच्छतेशी तिचा काही संबंध नाही. स्वच्छता हात धुतल्याने येते, शुद्धी दुसऱ्याला हीन ठरवल्याने येते.

हे जुने झाले, असे कुणी म्हणेल. जुने कुठे झाले? २०१५ मध्ये केंद्रातील मंत्री मनेका गांधी यांनी आपल्या सहकारी मंत्र्यांना पत्र लिहून सरकारी कार्यालयांत फिनाईलऐवजी गोमूत्रापासून केलेला द्रव वापरावा, असे सुचवले. २०२१ च्या जानेवारीत मध्य प्रदेश सरकारने तर सरकारी कार्यालयांसाठी गोमूत्राच्या फिनाईलचा आदेशच काढला. पर्यावरणाचे नाव पुढे करून पंचगव्य मागच्या दाराने आत आणायचे, ही जुनी खोडी आहे. निसर्गस्नेही म्हणून जे जे पुढ्यात येईल ते डोळे झाकून घेऊ नका, असे आम्ही सांगतो ते यासाठी. बाबासाहेबांनी आपल्याला तर्काची कसोटी दिली आहे. ती शेणालाही लावावी आणि मॉलमधल्या बाटलीलाही लावावी.

आता कसोटी लावू. आपल्या घरात आणि कामाच्या ठिकाणी जे वापरले जाते त्यात असते तरी काय? संडास घासण्याच्या बाजारी द्रवांत बहुधा हायड्रोक्लोरिक आम्ल असते. पत्र्याच्या डब्यातून, हातगाडीवरून जे सुटे ॲसिड विकले जाते ते याहून कितीतरी जहाल. २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ॲसिडच्या खुल्या विक्रीवर निर्बंध घातले. तरी वस्त्यांतून ते थंड पेयाच्या जुन्या बाटलीत भरून मिळते, बाटलीवर ना नाव ना इशारा. पोर तहानेने ती बाटली तोंडाला लावते तेव्हा घरात आकांत होतो. काळे फिनाईल कोळशाच्या डांबरातून निघणाऱ्या तेलांपासून होते. ते कातडीला झोंबते आणि पोटात गेले तर विष आहे. ब्लीचिंग पावडरमध्ये क्लोरीन असतो. सर्वांत घातक गोष्ट म्हणजे, संडास लवकर पांढरा व्हावा म्हणून आपल्या अनेक भगिनी ब्लीचिंग पावडर टाकून वर ॲसिड ओततात. त्यातून क्लोरीन वायू सुटतो. हाच वायू १९१५ मध्ये पहिल्या महायुद्धात सैनिकांना मारण्यासाठी सोडला गेला होता! चार फुटांच्या बंद संडासात आपली आई-बहीण तो छातीत घेते आणि "आज जरा ठसका लागला" म्हणते. हा लेख वाचून दुसरे काही लक्षात राहिले नाही तरी चालेल, एवढे मात्र घरोघर सांगा: ॲसिड आणि ब्लीच कधीही एकत्र करू नका.

कपड्यांच्या पावडरचेही तसेच. तिच्यातील फेस आणि फॉस्फेट गटारातून ओढ्यात, ओढ्यातून नदीत जातात. फॉस्फेटवर जलपर्णी व शेवाळ माजते, पाण्यातील प्राणवायू संपतो, मासे मरतात. बंगळुरूच्या बेलंदूर तलावातून उठलेला फेस रस्त्यावर आलेला साऱ्या देशाने पाहिला. आळंदीला इंद्रायणीवर कारखान्यांच्या आणि गटारांच्या पाण्याने फेस तरंगतो, तो वारकऱ्यांनी पाहिला. नदीकाठी कपडे धुणारी, नदीत जाळे टाकणारी, नदीचे पाणी जनावरांना पाजणारी माणसे कोण, हे वेगळे सांगायला नको.

मग उपाय काय? उपाय आपल्या आजीला ठाऊक होता. ती रिठ्याने लुगडे धुवायची, शिकेकाईने डोके धुवायची, चिंचेने तांब्याचा गडू उजळवायची, चुलीतल्या राखेने भांडी घासायची. तेव्हा राखेने भांडी घासणारीला शहरातील बाई नाक मुरडायची. आज तीच राख सुंदर पुडीत भरून इंटरनेटवर विकली जाते आणि नाक मुरडणाऱ्या बाईची सून ती विकत घेते! आपले दारिद्र्य होते तोवर ते मागासलेपण होते, दुसऱ्याच्या दुकानात गेले तेव्हा ती जीवनशैली झाली.

पण इथेही आम्हाला भाबडेपणा नको आहे. आजीच्या चुलीने आजीचे डोळे गेले, हेही खरे आहे. जुने म्हणून सारे चांगले, हा त्यांचा तर्क, आपला नव्हे. जे तपासून उतरते तेच घ्यायचे. म्हणून आम्ही खाली जे सांगतो ते मर्यादेसह सांगतो.

रिठ्याच्या टरफलात सॅपोनिन नावाचा फेसाळ पदार्थ असतो, त्याने तेलकटपणा सुटतो. पंधरा-वीस रिठे फोडून बिया काढा, टरफले रात्रभर पाण्यात भिजवा, सकाळी उकळा, चोळून गाळून घ्या. भांडी, लोकरीचे व रेशमी कपडे, फरशी यांना हे पाणी चालते. ते तीन-चार दिवसांत आंबते, म्हणून थोडे थोडे करावे. डोळ्यांत मात्र जाऊ देऊ नये, झोंबते. मोरीतील तेलकट थरासाठी धुण्याचा सोडा गरम पाण्यात घालून ओतावा, पण सोड्याने हात कोरडे पडतात, तेव्हा हातमोजे हवेतच. नळावरचे, बादलीवरचे, संडासातले क्षारांचे पांढरे डाग किराणा दुकानात मिळणाऱ्या लिंबूसत्त्वाने निघतात. डागावर ते द्रावण तासभर राहू द्यावे, मग घासावे.

लिंबू-मोसंबीच्या सालींचा आंबवलेला द्रव आता बराच बोलला जातो. तो करायला सोपा आहे. गूळ एक वाटा, साली तीन वाटे, पाणी दहा वाटे, म्हणजे १०० ग्रॅम गुळाला ३०० ग्रॅम साली आणि १ लिटर पाणी. हे प्लास्टिकच्या बाटलीत भरावे, वर थोडी जागा मोकळी ठेवावी. काचेची बाटली घेऊ नये, आत वायू साठून ती फुटू शकते. पहिला महिना रोज झाकण सैल करून वायू जाऊ द्यावा. तीन महिन्यांनी गाळून पाणी मिसळून फरशीला, ओट्याला वापरावे. आपल्या वस्तीत रसवंतीवाले आहेत, मोसंबीच्या ज्यूसचे गाडे आहेत. त्यांच्या साली रोज कचऱ्यात जातात, त्या मागितल्या तर फुकट मिळतील.

मर्यादाही सांगतो. हे पदार्थ मळ काढतात, रोगजंतूंचा नायनाट करतातच असे नाही. वस्तीत कॉलरा, कावीळ, गॅस्ट्रोची साथ असेल तर पिण्याच्या पाण्यात क्लोरीन हवेच. तिथे सालींच्या पाण्यावर विसंबणे म्हणजे जिवाशी खेळ. इस्पितळात रक्त सांडलेली जागा रिठ्याने पुसायची नसते. आणखी एक, शहाबादी आणि कडप्पा हे चुनखडीचे दगड आहेत. त्यांच्यावर लिंबू, व्हिनेगर किंवा कुठलेही आंबट पाणी ओतले तर पृष्ठभाग खरवडला जातो. आणि सालींचा द्रव आम्लधर्मी असल्याने तोही ब्लीचमध्ये मिसळायचा नाही.

आता दुसरा मुद्दा, पैशाचा. आपल्या भगिनींचे बचतगट वस्तीवस्तीत आहेत. पापड, लोणची, अगरबत्ती यांच्या पुढे ते फारसे गेले नाहीत. काही गट फिनाईल करतात, पण बाजारातून तयार अर्क आणून पाण्यात मिसळण्यापलीकडे त्यात काही नसते. रिठ्याचा द्रव, सालींचा द्रव, साधा साबण हे त्यांना सहज जमेल. पहिले गिऱ्हाईकही तयार आहे. आपली विहारे, समाजमंदिरे, वसतिगृहे, आपल्या संस्थांच्या शाळा-महाविद्यालये यांनी ठरवले की साफसफाईचे सामान वस्तीतल्या गटाकडूनच घ्यायचे, तर शेकडो घरांत चार पैसे येतील. समाजाचा पैसा समाजात फिरला पाहिजे, असे आपण भाषणात सांगतो. तो फिरवायला यापेक्षा सोपी वाट कोणती?

यात लबाडीलाही जागा ठेवू नये. बाटलीवर पान छापले म्हणजे माल निसर्गस्नेही होत नाही. सरकारची 'इकोमार्क' ही खूण १९९१ पासून आहे. तिचे चिन्ह मातीचा माठ आहे, आणि २०२४ मध्ये तिचे नियम नव्याने केले गेले. त्याच वर्षी ग्राहक संरक्षणाच्या केंद्रीय प्राधिकरणाने पर्यावरणाच्या नावाखाली खोटे दावे करण्याविरुद्ध मार्गदर्शक तत्त्वे काढली. तेव्हा मॉलमधील बाटलीवर 'शंभर टक्के नैसर्गिक' असे लिहिले असेल तर आपल्या शिकलेल्या मुलांनी पुरावा मागावा. आणि आपल्या गटाने बाटलीत काय आहे, ते मराठीत स्पष्ट छापावे.

तिसरा मुद्दा थोडा कडू आहे, पण घरातल्या घरात बोलायलाच हवा. ६ डिसेंबरला चैत्यभूमीवर लाखो माणसे येतात, धम्मचक्र प्रवर्तनदिनी दीक्षाभूमीवर येतात. आपली शिस्त, पुस्तकांची विक्री, एकमेकांना दिलेला भाकरतुकडा यांचा आम्हाला अभिमान आहे. पण दुसऱ्या दिवशी पहाटे मैदानावर पडलेले पेले, पत्रावळी, पाण्याच्या पिशव्या उचलायला कोण येते? ज्यांच्या मुक्तीसाठी बाबासाहेब झिजले त्यांचीच लेकरे झाडू घेऊन येतात. जयंतीला डीजेपुढे नाचणारा आपलाच भाऊ आणि रात्री दोनला रस्ता झाडणारी आपलीच बहीण. महाराष्ट्रात २०१८ मध्ये प्लास्टिकबंदी झाली, तरी आपल्या मंडळांचे भोजनदान प्लास्टिकच्या वाटीतच होते. चौकाचौकांतील फ्लेक्स प्लास्टिकचेच, त्यावर बाबासाहेब कोपऱ्यात आणि भाऊ-दादा मध्यभागी! ते उतरल्यावर नाल्यात जातात, पावसाळ्यात नाला तुंबतो, आणि पाणी कुणाच्या घरात शिरते तर आपल्याच. यंदा मंडळांनी कापडी निळे झेंडे काढावेत, ते दरवर्षी धुऊन वापरता येतात. भोजनदानाला स्टीलची ताटे भाड्याने आणावीत आणि ती धुण्याच्या कामाला बायकांबरोबर पुरुषांनीही बसावे.

तथागतांच्या काळची एक गोष्ट इथे आठवते. चुल्लवग्गात ती आहे. कौशांबीचा राजा उदयन याच्या राण्यांनी आनंदाला पाचशे चीवरे दिली. राजाला शंका आली, एवढ्या वस्त्रांचा हा भिक्खू व्यापार करणार की काय? आनंदाने सांगितले की ज्यांची चीवरे जीर्ण झाली त्यांना ही वाटू. मग जुन्या चीवरांचे काय? त्यांची अंथरुणावरची आच्छादने करू. ती फाटली की गादीच्या खोळी, मग जमिनीवरची अंथरणे, मग पायपुसणी, मग धूळ झटकायची फडकी. आणि ती फडकीही विरली की कुटून चिखलात मिसळून जमीन लिंपायला घेऊ. राजाची शंका मिटली आणि त्याने आणखी पाचशे चीवरे दिली. अडीच हजार वर्षांपूर्वीचा हा हिशेब आहे. काटकसरीची, जपून वापरण्याची शिकवण आपल्याला परदेशातून आणायची गरज नाही.

शेवटचा मुद्दा मात्र सर्वांत मोठा आहे, आणि त्याच्याशिवाय वरचे सारे व्यर्थ आहे. द्रव बदलला, बाटली बदलली, पण हात तेच राहिले तर काय साधले? बाबासाहेबांनी १९४५ च्या 'व्हॉट काँग्रेस अँड गांधी हॅव डन टू द अनटचेबल्स' या ग्रंथात साफसफाईच्या कामाला थोर सेवा म्हणून गौरवण्यामागचा डाव उघड केला. काम थोर असेल तर ते एकाच जातीच्या माथी का? २ ऑक्टोबर २०१४ ला स्वच्छ भारत अभियान निघाले, नव्या झाडूंनी साहेबांचे फोटो निघाले, चष्म्याचे चिन्ह भिंतीभिंतीवर लागले. पण हाताने मैला साफ करण्याच्या प्रथेवर बंदी घालणारा कायदा १९९३ चा, दुसरा कायदा अमलात आला तो ६ डिसेंबर २०१३ ला, बाबासाहेबांच्या महापरिनिर्वाणदिनी. २७ मार्च २०१४ ला सर्वोच्च न्यायालयाने गटारात मेलेल्यांच्या वारसांना १० लाख रुपये द्यायला सांगितले, ऑक्टोबर २०२३ मध्ये ती रक्कम ३० लाख केली. रक्कम वाढली, पण मरण थांबले नाही.

म्हणून आमचे म्हणणे असे. निसर्गस्नेही म्हणजे आधी माणूसस्नेही. ज्या द्रवाने हात जळत नाहीत तो द्रव, आणि ज्या कामाने माणूस हीन ठरत नाही ते काम. आपल्या कार्यकर्त्यांनी इस्पितळात, सोसायट्यांत, कार्यालयांत जाऊन विचारावे: बाईंना हातमोजे किती दिले? गमबूट आहेत का? ॲसिड का आणता? २०१६ च्या घनकचरा नियमांनीच कामगारांना गणवेश, हातमोजे, मास्क द्यायला सांगितले होते. घरकामगारांसाठी महाराष्ट्रात २००८ चा कल्याण मंडळाचा कायदा आहे. मुंबईत कचरा वाहतुकीच्या २७०० कंत्राटी कामगारांनी वर्षानुवर्षे लढून २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयातून कायम नोकरीचा हक्क मिळवला, हे उदाहरण आपल्यापुढे आहे. संघटना असली की मुकादमाचा आवाज खाली येतो. आणि घरात? घरात ज्याने संडास वापरला त्याने तो धुवावा. बाप, मुलगा, जावई कुणीही असो. महावग्गात सांगितले आहे की अतिसाराने आपल्याच घाणीत पडलेल्या भिक्खूला तथागतांनी आनंदाला बरोबर घेऊन स्वतः धुतले, उचलून बिछान्यावर निजवले. तथागतांच्या हाताला जे कमीपणाचे वाटले नाही ते आपल्या हाताला का वाटावे?

त्या ताईंना आम्ही सरकारी दवाखान्यातील त्वचेच्या डॉक्टरांकडे नेले. मलम मिळाले, महिन्याभरात भेगा भरतील असे डॉक्टर म्हणाले, पण ॲसिड बंद झाले तरच. पुढच्या रविवारी विहारात त्यांच्याबरोबर त्याच इस्पितळातील आणखी अकरा जणी आल्या. हातमोज्यांचा, गमबुटांचा आणि ॲसिडऐवजी सौम्य द्रव देण्याचा अर्ज त्यांनी लिहून काढला, सर्वांनी सह्या केल्या, दोघींनी अंगठे उठवले. खाली तारीख घातली, पोच घ्यायची ठरले. वंदनेला हात जोडताना कुणाचेही तळवे आग करू नयेत, एवढीच त्यांची मागणी आहे. ही मागणी पुरी होईपर्यंत आम्ही त्यांच्याबरोबर आहोत. तुम्हीही आपापल्या वस्तीत असा एक अर्ज लिहा.

जयभीम!